खुर्च्या लावणारे अंकल

त्या बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा एकट्याच आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला व्यसन नाही, बाहेर कुठली भानगड नाही. तक्रार कुठल्या तोंडानं करू तेच कळत नाही."

तक्रार अशी होती. नवरा ५७ वर्षांचा. गेली ११ वर्षं धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, संत विन्सेंट दी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथोलिक संस्थेच्या कॉन्फरन्समध्ये काम करतो. धर्मग्राम पातळीवरच्या गटाला त्या संस्थेत कॉन्फरन्स म्हणतात. संस्थेत आता स्त्रियाही असतात, पण यांच्या कॉन्फरन्समध्ये सगळे पुरुषच. आठवड्याची सभा, गरजू कुटुंबांच्या घरभेटी, कुणाला औषधं पोचव, कुणाच्या मुलाच्या फीचं बघ. शिवाय चर्चमधली वरकामं: रविवारी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) असली की खुर्च्या, माइक, पार्किंग. मुलं त्यांना खुर्च्यांचे अंकल म्हणतात.

"लोक मला सांगतात, तू नशीबवान. मी हसते," बाई म्हणाल्या. "घरात ते दोन वाक्यं बोलत नाहीत. तिकडे मात्र मित्रमंडळी आहे, तिकडे सगळं बोलत असतील. मग मी कशाला हवी?"

ही काळजी माझ्याकडे बऱ्याचदा येते. कधी बायको घेऊन येते, कधी मोठी झालेली मुलगी. देवाच्या कामात गेलेल्या माणसावर रागावलं की आपणच वाईट ठरतो, म्हणून राग वर्षानुवर्षं मुरत राहतो. मी बाईंना म्हटलं, तुम्ही रागावलात यात पाप नाही, आणि त्यांना एकदा पाठवून द्या. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही डोक्यात ठरलेलं चित्र होतं: बाहेर फुलणारा आणि घरात मिटणारा माणूस. असे पुष्कळ पाहिलेत.

हे तसे नव्हते.

ते आले ते वेळेच्या २० मिनिटं आधी, आणि बाहेरच्या बाकाचा सैल झालेला स्क्रू हातानंच पिळत बसले होते. आत आल्यावर मी विचारलं, गटात तुमचं जवळचं कोण? त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "तसे सगळेच चांगले आहेत."

"जवळचं कोण?"

"तसं कोणी नाही."

मला वाटलं, संकोच असेल. म्हणून एक साधी गोष्ट करायला सांगितली. फोन उघडा आणि गेल्या महिन्यात कॉन्फरन्समधल्या लोकांनी तुम्हाला पाठवलेले मेसेज मोजा. त्यांनी चष्मा लावून हिशोबनिसासारखं मोजलं. ३४ होते. त्यातले ३१ कामाचे, दोन सगळ्यांना पाठवलेल्या प्रार्थना. उरलेला एक होता: "पोचलास का?" त्यावर ते स्वतःच म्हणाले, "हॉलची चावी माझ्याकडे होती."

बाईंना वाटत होतं तिकडे मैफल आहे. तिकडे काहीच नव्हतं. ११ वर्षं हा माणूस घरातही एकटा होता आणि गटातही, आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं की तो दुसरीकडे सुखी आहे.

इथे थांबून त्यांच्या बाजूनं गटाला दोष देणं सोपं होतं. काही गट खरंच माणसाला वापरतात. एका गृहस्थांना मी सरळ सांगितलं होतं की तुम्ही सहा महिने त्या गटात जाऊच नका, कारण तिथे नाही म्हणणाऱ्याची खिल्ली उडवली जायची. पण यांच्या बाबतीत मला अजून एक बघायचं होतं. म्हटलं, आता तुम्ही पाठवलेले मेसेज बघा, आणि त्यात 'मला' हा शब्द शोधा.

"येतो", "झालं", "आणतो", "बंद केलं", "चावी माझ्याकडे". असे चाळीसेक. 'मला' एकदाच सापडला: "मला जमेल."

ते बराच वेळ त्या शब्दाकडे बघत होते. मीही काही बोलले नाही.

पुढच्या भेटीत हळूहळू बाकीचं कळलं. सभेला ते आधी जातात, खुर्च्या लावतात. सुरुवातीची प्रार्थना, थोडं आध्यात्मिक वाचन, मग घरभेटींचा वृत्तान्त, खजिनदाराचा हिशोब, शेवटी कुणी किती टाकलं ते कळू नये अशा बेतानं फिरवलेली पिशवी. आपला वृत्तान्त ते दोन वाक्यांत संपवतात: भेट दिली, औषधं पोचवली. सभा संपून लोक उभ्यानं बोलायला लागले की हे खुर्च्या उचलायला लागतात. म्हणजे बाकीचे ज्यावर बसून बोलले असते, तेच हे गोळा करत असतात!

घरभेट दोघांनी मिळून करायची अशी संस्थेची जुनी पद्धत. यांचा जोडीदार उशिरा येणारा, म्हणून दोन वर्षांपासून हे एकटेच जायचे. "लवकर उरकतं," म्हणाले. आणि मग, तसाच हिशोबाचा सूर ठेवून, एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल सांगितलं. त्यांच्याकडे हे चार वर्षं दर गुरुवारी जायचे. एका गुरुवारी दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, सोमवारीच गेले. दफनही झालं होतं. हातातली औषधं घेऊन हे परत आले आणि संध्याकाळी पार्किंगच्या ड्यूटीवर उभे राहिले.

"सभेत काय सांगितलंत?"

"केस बंद झाली म्हणून."

"आणि घरी?"

"तिथलं घरी बोलायचं नसतं."

गुप्ततेचा हा नियम खराच आहे आणि योग्यही आहे. ज्यांच्या घरी जातो त्यांची गरिबी, आजार, भांडणं चारचौघांत चघळायची नाहीत. पण तो नियम त्या कुटुंबांच्या अब्रूसाठी आहे. 'आज मला वाईट वाटतंय' एवढं बायकोला सांगायला तो आड येत नाही. नाव नको, घर नको, रोग नको. यांनी मात्र दुसऱ्याची गोष्ट झाकायला दिलेलं कापड स्वतःवरही ओढून घेतलं होतं. सेवाभावी गटांतल्या पुरुषांमध्ये मला हे फार दिसतं, आणि ते याला शिस्त म्हणतात.

आणखी एक राग होता, तो फादरांवर. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढच्या खासगी कबुलीत, यांनी दोनदा सांगितलं होतं की थकतो, चिडतो, लोकांचा मत्सर वाटतो. "फादरांना सगळं माहीत आहे, तरी पुढच्याच रविवारी मला पार्किंग दिलं." मी विचारलं, कबुलीच्या बाहेर कधी बोललात? नाही. आता कॅनन लॉचं, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचं, ९८३ वं कलम धर्मगुरूला पापनिवेदनातलं काहीही, कुठल्याही कारणानं बाहेर उघड करू देत नाही, आणि त्याच्या पुढचं कलम तिथं कळलेल्या गोष्टीवरून धर्मग्रामाचा कारभार चालवायलाही मनाई करतं. म्हणजे अख्ख्या धर्मग्रामात यांनी आपलं मन नेमकं त्या एकाच जागी उघडलं होतं, जिथून कुणालाही काही करता येणार नव्हतं. हे बोलल्यावर ते पहिल्यांदा हसले.

झोप, भूक, मरणाचे विचार, हे सगळं मी विचारून घेतलं होतं. तसं काही नव्हतं. असतं तर आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.

त्यांचा मुख्य अडसर मात्र श्रद्धेच्या भाषेत होता. "आमची संस्था दुसऱ्यांसाठी आहे. सभासदानं स्वतःसाठी मागायचं नसतं." यावर मानसशास्त्र सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांच्याच संस्थेत शिरले. तिची सुरुवात एप्रिल १८३३, पॅरिस. संस्थापक फ्रेडरिक ओझानाम तेव्हा २० वर्षांचे विद्यार्थी. संस्था सुरू होण्याआधी ही मुलं जमायची ती इतिहासावर वादविवाद करायला. त्या बैठकीला कॉन्फरन्स म्हणत, आणि तेच नाव पुढे सेवेच्या गटाला चिकटलं. गरिबांच्या घरांची वाट त्यांना दाखवली सिस्टर रोझाली रांदू यांनी. म्हणजे आधी बोलणारे मित्र होते, मग घरभेटी आल्या. अध्यात्म, मैत्री आणि सेवा या तीन गोष्टी संस्था आजही एका दमात सांगते. यांनी मधली गाळली होती.

शिवाय दुसरा दाखला होताच. १८८२ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये फादर मायकेल मॅकगिवनी यांनी नाईट्स ऑफ कोलंबस हा कॅथोलिक पुरुषांचा गट काढला, तो कशासाठी? कमावता माणूस गेला की मागे राहिलेली बायकामुलं उघड्यावर पडू नयेत म्हणून. त्या गटात सभासदाचं घर हाच कामाचा पहिला विषय होता. तेव्हा चर्चच्या पुरुषांनी एकमेकांकडे मागू नये, हा नियम कुणी केला? ते म्हणाले, "बघतो." मला वाटलं, पटलं.

कसलं पटलं! मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की पुढच्या सभेनंतर १५ मिनिटं रिकाम्या हातानं थांबा. ते थांबले, आणि त्या १५ मिनिटांत हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करून आले. ही चूक माझीच. रिकामे हात ही या माणसासाठी शिक्षा होती, आणि मी ती गृहपाठ म्हणून दिली.

वाट निघाली ती बाईंकडून. तिसऱ्या वेळी दोघं एकत्र आले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मॅडम, यांना हर्निया आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. हे म्हणतात ख्रिसमस होऊ दे." आणि खुर्च्या? खुर्च्या चालूच होत्या. एकावर एक चार.

त्या दिवशी मी जरा कडक बोलले. म्हटलं, हे लपवणं आता त्याग राहिलं नाही. तुम्ही पडलात तर धावपळ गटातल्या लोकांचीच होईल, आणि आपल्याला कसं कळलं नाही ही बोचणी जन्मभर त्यांनाच राहील. सांगायचं काय तेही आम्ही तिघांनी बसून ठरवलं, कारण 'मोकळेपणानं बोला' हा सल्ला अशा माणसाला काहीच सांगत नाही. तीन वाक्यं ठरली: माझं ऑपरेशन आहे. दोन महिने खुर्च्या उचलता येणार नाहीत. घरी कुणी भेटायला आलं तर बरं वाटेल. तिसरं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं. बाईंनी दोनदा परत लिहिलं.

सभेत वृत्तान्ताच्या वेळी त्यांनी ती वाचून दाखवली. कागदावरूनच. सेक्रेटरी म्हणाले, "अरे, आम्हाला वाटायचं तुला बोलायला आवडत नाही. तू कायम घाईत." अकरा वर्षं त्यांनी यांच्या घाईचा मान राखला होता. दोघा-तिघांना रागही आला, तो इतकी वर्षं आपल्याला परकं धरलं म्हणून. एकानं तर टोमणा मारला की आता खुर्च्यांसाठी माणूस नेमावा लागणार. तो टोमणा यांना लागला, घरी येऊन त्यांनी तो बायकोला सांगितला, आणि बाईंनी मला फोन केला तो याच बातमीसाठी: "आज ते स्वतःहून तिथलं काहीतरी बोलले."

ऑपरेशननंतर कॉन्फरन्सचे लोक आले, पद्धतीप्रमाणे जोडीनं. पहिल्या भेटीत हे उठून त्यांच्यासाठी खुर्च्या पुढे करायला लागले, तेव्हा बाईंनी ओरडून बसवलं. दुसऱ्या जोडीत तो उशिरा येणारा जोडीदार होता, अर्थात उशिरा आला. त्याच्यापाशी कुलूपबंद दाराची गोष्ट निघाली. तो म्हातारा यालाही ठाऊक होता; त्याच्याकडे जायचं बंद झाल्याचं यालाही लागलं होतं, पण हे एकटेच जायला लागल्यावर त्याला वाटलं, आपण नकोसे झालो. बाई आतल्या खोलीत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्या मुद्दाम बाहेर आल्या नाहीत.

घराबद्दलचा प्रश्न मात्र आपोआप सुटला नाही. गटात बोलायला लागलेला माणूस घरीही बोलेलच असं नाही. त्यासाठी मी त्यांना ओझानाम यांचीच दुसरी एक गोष्ट सांगितली. त्यांचं लग्न २३ जून १८४१ रोजी अमेली यांच्याशी झालं, आणि नंतर दर महिन्याच्या २३ तारखेला ते बायकोला फुलं देत असत. इतक्या कामाच्या, पुढे इतक्या आजारी माणसानं हे पाळलं. १८५३ साली ते गेले तेव्हा अवघे ४० वर्षांचे होते. संस्थापकाची तसबीर ११ वर्षं डोळ्यासमोर असून हे यांच्या कानावर आलं नव्हतं. "फुलं मला जमायची नाहीत," ते म्हणाले. मग गुरुवार ठरला. घरभेटीहून आलं की अर्धा तास बायकोजवळ बसायचं, नावगाव न सांगता दिवस कसा गेला ते सांगायचं. चारांतला एखादा गुरुवार चुकतो. बाई तो लिहून ठेवतात.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच्या पहिल्या रविवारनंतर त्यांचा फोन आला. आवाज जरा तक्रारीचा.

"मॅडम, ती पोरं खुर्च्या नीट लावत नाहीत. मधली वाट अरुंद ठेवतात. व्हीलचेअर कशी जाणार?"

"मग उठून सरळ केल्यात?"

"नाही. जोडीदार बाजूला बसला होता, बोलत होता. त्याला सांगितलं, ती वाट बघ जरा."

"गेला?"

"गेला. पण त्यालाही नीट जमलं नाही."

"मग?"

"मग काय. बसलो तसाच."