चिकटण्याचा दर साखळीच्या लांबीने भागून घे

प्रिय विद्यार्थी,

टासेप म्हणजे जागांच्या साखळीवर कण एकाच दिशेने उड्या मारत जातात ते प्रारूप. त्याचा कोड थेट चिकटणाऱ्या-सुटणाऱ्या कणांपासून लिहायला घेऊ नकोस. आधी चिकटण्या-सुटण्याचे दर शून्य ठेव आणि नुसत्या उड्या तपास: एका जागेवर एकच कण, पुढची जागा रिकामी असेल तरच उडी. प्रवेशाचा दर अल्फा आणि बाहेर पडण्याचा दर बीटा, दोन्ही १ घेतले की एन जागांसाठी प्रवाहाचं अचूक उत्तर आहे: (एन + २) भागिले २(२एन + १). दोन जागांना २/५, दहा जागांना २/७, साखळी लांबत गेली की १/४. इथे आकडा जुळल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

जुळला नाही तर बहुधा निवडीत गडबड असते. एन जागांना प्रवेश धरून एन + १ हालचाली असतात. दर वेळी त्यातली एक यादृच्छिक निवड. डावीकडून उजवीकडे क्रमाने गेलं तर एकच कण एका फेरीत कितीतरी घरं पुढे जातो, आणि ते प्रारूपच वेगळं.

मग लँगम्यूरचं चिकटणं-सुटणं जोड, म्हणजे कण मधल्या कुठल्याही रिकाम्या जागी बाहेरून येऊन चिकटू शकतो किंवा तिथून सुटू शकतो; आता २एन + १ हालचालींतून निवड. इथे सर्वाधिक चूक होते ती दर ठरवताना. दर स्थिर ठेवून साखळी वाढवली की कण टोकापर्यंत पोचण्याआधीच सुटतो, टोकांचा प्रभाव काठाशीच विरतो आणि मधे फक्त लँगम्यूरची, म्हणजे चिकटण्या-सुटण्यानेच ठरणारी घनता उरते. म्हणून पार्मेजियानी, फ्रानोश आणि फ्राय यांनी २००३ साली घेतला तसा दर घे: ओमेगा भागिले एन, यात ओमेगा हा साखळीच्या लांबीनुसार न बदलणारा आकडा.

चिकटणं-सुटणं सारख्याच दराने ठेव, एन १०००, ओमेगा ०.२ (म्हणजे दर ०.०००२), अल्फा ०.२, बीटा ०.२५. मीन-फील्ड गणितानुसार (शेजारच्या जागा एकमेकींपासून स्वतंत्र धरून केलेलं सरासरीचं गणित; साखळीची पूर्ण लांबी १ धरून) घनता दोन्ही बाजूंना ०.२ उताराने चढते आणि ६२५व्या जागेजवळ ०.३२५ वरून ०.६७५ वर उडी घेते. अल्फा-बीटा मुद्दाम वेगळे घेतलेत. सारखे असते तर कोडमधली डाव्या-उजव्याची अदलाबदल लपली असती.

रिकाम्या आणि पूर्ण भरलेल्या साखळीपासून दोन वेगळे रन कर. घनतेचे दोन्ही आलेख एकमेकांवर बसेपर्यंतची मोजमापं टाकून दे, हा वेळ वाया गेला असं अजिबात समजू नकोस. उडी तिरकी दिसली तर घाबरू नकोस: भिंत, म्हणजे उडीची जागा, साधारण एनच्या वर्गमुळाइतक्या जागा डोलते. ओमेगा तोच ठेवून एन ४००० करून बघ, अक्ष ० ते १ असा घे. तिरक्या भागाची रुंदी निम्म्यावर आली पाहिजे.