वाचकांचे प्रश्न : नवाहो भाषा आणि युद्धातील संकेत

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नवाहो आदिवासींच्या भाषेतून संदेश पाठवले आणि जपानला ते अखेरपर्यंत उलगडले नाहीत, असे वाचले. ती भाषा इतकी अवघड आहे का, आणि आज ती कोणी बोलते का? आमच्या गावात आगरी बोली नातवंडांच्या तोंडी फारशी उरलेली नाही, म्हणून विचारावेसे वाटले.
— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : परक्यांना ही भाषा अवघड वाटते, हे खरे आहे. सूर चढा की उतरता यावर शब्दाचा अर्थ ठरतो आणि ‘मला दे’ म्हणताना मागितलेली वस्तू गोल व घट्ट आहे, काठीसारखी लांब आहे की कापडासारखी मऊ, यानुसार क्रियापदच वेगळे योजावे लागते. तथापि संदेश सुरक्षित राहिले ते केवळ यामुळे नव्हे. १९४२ मध्ये मरीन दलात भरती झालेल्या २९ नवाहो तरुणांनी आपल्या भाषेच्या आधारे स्वतंत्र संकेत रचला. त्यात पाणबुडीला लोखंडी मासा आणि रणगाड्याला कासव म्हटले जाई, तर इंग्रजी अक्षरांसाठीही नवाहो शब्द ठरलेले असत. फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या हाती सापडलेल्या एका नवाहो सैनिकाला हे संदेश ऐकवण्यात आले, तेव्हा त्याला शब्द ओळखू आले, पण त्यांतून अर्थ लागेना.

यातील अनेक तरुणांना लहानपणी निवासी शाळांत हीच भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्याआधी, १८६४ मध्ये, अमेरिकी सैन्याने त्यांच्या पूर्वजांना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो छावणीत नेले आणि १८६८ च्या तहानंतरच त्यांना आपल्या भूमीत परतता आले. अशा समाजाच्या मुलांनी केलेले हे काम १९६८ पर्यंत गोपनीय राहिले, त्यामुळे घरच्यांपाशीही त्यांना ते बोलता आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आज अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत पसरलेल्या नवाहो राष्ट्रात, म्हणजे नवाहोंच्या स्वशासित प्रदेशात, ही भाषा बोलली जाते. बोलणारे दीड लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे, मात्र लहान मुलांमध्ये तिचा वापर वेगाने घटला आहे. रीतीप्रमाणे ओळख सांगताना आईचे, वडिलांचे आणि दोन्हीकडच्या आजोबांचे कुळ सांगतात. मूल आईच्या कुळाचे मानले जाते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग नवाहो राष्ट्रातील फोर्ट डिफायन्स (अ‍ॅरिझोना) येथील शाळेत १९८६ मध्ये सुरू झाला. तेथे सुरुवातीच्या इयत्तांत बहुतेक शिक्षण नवाहोतून दिले गेले आणि संध्याकाळी घरातील मोठ्यांनी मुलाशी त्याच भाषेत बोलावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. चौथीपर्यंत ही मुले इंग्रजीत मागे पडली नाहीत आणि गणितात तर इंग्रजीतून शिकलेल्या मुलांच्या पुढे गेली.