ट्रेलरच्या शॉवरमध्ये २३० व्होल्ट नकोच, बारा व्होल्टवर काम भागवा

प्रश्न : नमस्कार सर, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरातून चासी बनवून घेतली आणि घरीच कॅम्पर ट्रेलर उभा केलाय, दहा बाय सहा फुटांचा. आत बेड, छोटा ओटा आणि मागच्या कोपऱ्यात अडीच बाय अडीचचा शॉवर, उंची सव्वासहा फूट. भिंतींना एसीपी (वरून अॅल्युमिनियमचं) शीट, मागे थर्माकोल. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे, टपावर सोलर आणि एक छोटा इन्व्हर्टर. आता राहिलाय फक्त शॉवरमधला लाईट. आमचा वायरमन म्हणतो इन्व्हर्टरवरून लाईन ओढतो, होल्डर मारतो, ९ वॉटचा बल्ब लावा, सगळ्यांच्या बाथरूममध्ये असतोच की. बायको म्हणते पत्र्याच्या खोक्यात अंगावर पाणी घ्यायचं आणि डोक्यावर करंट, मी तिथं आंघोळ करणार नाही. मी कार डेकोरवाल्याकडून १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप आणून ठेवलीय, वॉटरप्रूफ लिहिलंय, ती लावू का? आणि गॅस गीझर पण शॉवरमध्येच बसवायचाय, लाईटची वायर त्याच्यापासून किती लांब पाहिजे?

उत्तर : वहिनींचंच बरोबर आहे, वायरमनना चहा पाजा आणि ती लाईन ओढू देऊ नका.

घरच्या बाथरूमशी तुलना इथे चालत नाही. घरात छत नऊ-दहा फुटांवर, भिंत विटांची, जमिनीत अर्थिंग आणि बोर्डात करंटची गळती झाली की लाईन तोडणारा आरसीसीबी (निदान असायला पाहिजे). बाथरूमच्या वायरिंगचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात शॉवरच्या ट्रेपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग थेट पाण्याचा धरतात, आणि तुमचं छतच १.९ मीटरवर संपतंय, म्हणजे पाणी पोचणार नाही इतकी उंच जागा तुमच्या शॉवरमध्ये नाहीच, साबण लावताना कोपर वर गेलं तरी बल्बला लागेल. त्यात छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट बऱ्याचदा फ्लोटिंग असतं, न्यूट्रल कुठेच अर्थला बांधलेला नसतो, त्यामुळे पुढे आरसीसीबी बसवला तरी तो वेळेवर उडेलच याची खात्री नाही, आणि घरच्या बोर्डावर जो भरवसा आपण टाकतो तो इथे टाकता येत नाही. एलईडी बल्बच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला हवा तेवढा करंट देणारं सर्किट) स्वस्तातला असेल तर तो आयसोलेटेड, म्हणजे मेन लाईनपासून वेगळा तोडलेला, नसतो, म्हणजे बल्बमध्ये पाणी गेलं तर त्या पाण्याला सरळ २३० व्होल्ट भेटतात. तेव्हा शॉवरमध्ये फक्त १२ व्होल्ट, तेही थेट बॅटरीवरून.

आता स्ट्रिप. ती बेडखाली लावा, ओट्याखाली लावा, शॉवरमध्ये नको, आणि कारण फक्त पाण्याचं नाही. या स्ट्रिपवर तीन-तीन एलईडीचा एक गट असतो आणि गटाला एक रेझिस्टर. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट, तिघांचे ९, उरलेले ३ रेझिस्टर खातो, हा हिशेब बरोब्बर १२ व्होल्टचा. तुमची लिथियम फॉस्फेट बॅटरी नुसती पडून असली तरी १३.२ च्या आसपास असते आणि दुपारी सोलर जोरात असला की १४.४ पर्यंत चढते, म्हणजे रेझिस्टरवर ३ च्या जागी ५ च्या वर व्होल्ट येणार आणि करंट दीडपटीच्या वर जाणार. स्ट्रिप लगेच मरत नाही, आधी गरम होते, मग पिवळट पडते, मग मधलेच तीन दिवे लुकलुकायला लागतात. आणि वॉटरप्रूफ म्हणजे वरून ओतलेली जेली, कात्रीने कापली की त्या टोकाला तांबं उघडं, तिथून वाफ आत शिरते आणि थोड्या दिवसांत हिरवं चढतं.

तुम्हाला हवाय तो बंद डब्यातला दिवा, ज्याच्या अंगावर '१०–३० व्होल्ट डीसी' किंवा '१२/२४ व्होल्ट' छापलंय. असं छापलेलं असेल तर आत बहुतेक करंट सांभाळणारा ड्रायव्हर असतो आणि १४.४ चं त्याला काही वाटत नाही. बोटी, बस, ट्रकसाठी असे दिवे मिळतात, ऑटो इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात विचारा, पुण्याला चक्कर असेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्ली बघा. आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग, ६५ पासून पुढचा घ्या, ६७ मिळाला तर उत्तम. या आकड्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याची धार सोसतो, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. ३-४ वॉट भरपूर झाले, अडीच फुटांच्या खोक्यात त्याहून जास्त प्रकाश डोळ्यांत घुसतो. वॉर्म व्हाइट घ्या, पांढऱ्याफेक दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात, कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला कुठं मुक्काम केलात की पटेल.

दिवा आयपी ६७ चा असला तरी त्याच्या मागे तुम्ही जे भोक पाडणार त्याला कसलंच रेटिंग नसतं, आणि घरगुती ट्रेलरमध्ये पाणी जातं ते तिथूनच. पाणी गेलं नाही तरी वाफ जाते, थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ते वायर धरून खाली उतरतं. म्हणून भोक वायरच्या मापाचंच पाडा, एसीपीची धार वायरची कातडी सोलते म्हणून भोकात रबरी ग्रोमेट (कड झाकणारी रिंग) घाला, आणि दिव्याच्या मागे सिलिकॉनचं पूर्ण कडं फिरवून मग स्क्रू आवळा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर बघून घ्या. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते अॅसिटिक, ते काचेला चालतं पण तांब्याला आणि लोखंडाला खातं. वायर भोकातून बाहेर आली की तिला खाली एक झोळ द्या आणि मगच वर न्या, म्हणजे जे काही पाणी ओघळेल ते झोळाच्या तळाशी गळून पडेल, जोडापर्यंत जाणार नाही.

जोड शॉवरच्या भिंतीत एकही नको. दिव्याची शेपटी बाहेर कोरड्या कपाटात आणा आणि तिथे जोडा, तोही पिळून टेप गुंडाळून नाही. आंबा घाटात तासभर हादरे खाल्ल्यावर तो पीळ सैल पडतो आणि टेपचा गोंद उन्हाने सुटतो. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोड बसवा, वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. निगेटिव्ह चासीला बांधून काम भागवू नका, ट्रेलरच्या बोल्टला गंज धरतो आणि मग दिवा मनात येईल तेव्हा लागतो, दोन्ही वायरी बॅटरीच्या फ्यूज बॉक्सपर्यंत वेगळ्या न्या. १ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर पुरे.

बारा व्होल्टने शॉक बसत नाही मग फ्यूज कशाला, असं वायरमन म्हणतील. तर धोका शॉकचा नाही, आगीचा आहे. दिवा घेतो पाव अॅम्पिअर, पण वायर कुठे चेपून शॉर्ट झाली तर १०० एएचची बॅटरी त्या बारीक वायरमधून एका क्षणात शंभराच्या वर अॅम्पिअर ढकलू शकते, वायर लाल होते, आणि ती जातेय कशातून तर तुमच्या थर्माकोलमधून! लिथियमचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट) तोडेल म्हणून निवांत राहू नका, तो बॅटरी वाचवायला आहे, तुमची वायर वाचवायला नाही. तेव्हा पॉझिटिव्हला ३ अॅम्पिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ बसवलेल्या फ्यूजचा काही उपयोग नाही, त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावरच राहते.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. लाल-काळी वायर वापरू नका. आपल्याकडे घरात लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, आणि दोन वर्षांनी दुसरा कुणी वायरमन येऊन कपाटात लाल-काळी जोडी बघेल आणि सरळ इन्व्हर्टरवर टाकेल. दुसरे रंग घ्या, नारिंगी-जांभळा वगैरे (पिवळा-निळा नको, ते पण फेजचे, आणि हिरवा नको, तो अर्थचा), टोकाला '१२ व्होल्ट' लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि २३० च्या केसिंगमधून ती नेऊ नका. घरचा बल्ब होल्डर तर अजिबात नको, कारण होल्डर दिसला की माणूस घरचा बल्ब लावतो, बल्ब लागला नाही की लाईन बदलतो.

स्विच शॉवरच्या दाराबाहेर. दिवा कुठल्या भिंतीला हे पण बघा. खिडकीला दुधी काच असेल तर दिवा खिडकीच्याच भिंतीवर वर लावा. समोरच्या भिंतीवर लावलात तर आंघोळ करणाऱ्याची सावली काचेवर पडते आणि कॅम्पसाइटवरची पोरं फुकटात सिनेमा बघतात. वहिनींना हे आधी सांगा.

आता गीझर, आणि खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून लाईटपेक्षा मला त्याचीच धडकी भरली. वायर किती लांब हा प्रश्नच नाही, गॅस गीझर शॉवरमध्ये बसवायचाच नाही. तुमच्या शॉवरमध्ये हवा आहे जेमतेम १.१ घनमीटर. दार लावून बर्नर पेटला की ऑक्सिजन भराभर संपतो, गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला नुसती गुंगी येते आणि तो खाली बसतो. आपल्याकडे घरांच्या मोठ्या बाथरूममध्ये सुद्धा यानं माणसं गेलीत. गीझर ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, उघड्यावर अडकवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या, आणि खिडकीखाली अडकवू नका नाहीतर तोच धूर आत येतो. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बॅटरीवर चालणारा मिळतो.

शेवटचं, मुक्कामाच्या जागी एक्स्टेन्शन लावून बाहेरची वीज घेणार असाल तर तिथल्या अर्थिंगवर विश्वास ठेवू नका. अर्थ तुटलेला असेल आणि आत कुठे लीकेज असेल तर अख्खा पत्रा लाइव्ह होतो, आतल्याला काही कळत नाही आणि ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. ट्रेलरच्या इनलेटलाच ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि प्लग लावला की आधी नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर (उघड्या तारेला न टेकवता करंट दाखवणारा) पत्र्याला लावून बघा. हे काम मात्र वायरमनकडूनच, त्यांना चहा पाजलाच आहे.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. नवरा आणि मी मिळून जुन्या बॉक्स ट्रेलरचा कॅम्पर करतोय. इथे शॉवरमधलं लाईटचं काम आपलं आपण केलं तर चालतं का? भारतात बाबा घरचं सगळं वायरिंग स्वतः करायचे, मलाही येतं.

उत्तर : येतं यात शंका नाही, पण तिथे २३० व्होल्टच्या फिक्स्ड वायरिंगला लायसन्स नसलेल्या माणसाने हात लावणं बेकायदा आहे, घरात आणि ट्रेलरमध्येही. १२ व्होल्टचं काम मात्र एक्स्ट्रा लो व्होल्टेजमध्ये येतं, ते तुम्ही स्वतः करू शकता. म्हणजे वरचं लाईटचं उत्तर तुम्हाला लागू, फक्त इनलेट आणि आरसीडीचं (वर आरसीसीबी म्हटलं तेच) काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवा, ट्रेलर विकताना किंवा इन्शुरन्सच्या वेळी कामाला येईल.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा मॅग्नेटने चिकटणारा चार्जिंगचा लाईट लावला तर?

उत्तर : चालेल की. वर्षातून दोनदा ट्रेलर बाहेर काढणार असाल तर मी तेच सांगेन, वायर नाही, भोक नाही, फ्यूज नाही. आयपी ६५ चा घ्या, चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी बूच नीट बसतंय का ते दुकानातच दाबून बघा, आणि चार्जिंग करायचं ते शॉवरच्या बाहेर. एसीपीला मॅग्नेट चिकटत नाही, वर अॅल्युमिनियम असतं, तेव्हा लोखंडाची एक छोटी पट्टी आधी भिंतीला चिकटवून घ्या.