वाशी स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात असते, संध्याकाळी आत बसवत नाही. काय करावं?

आधी जागा बघा. मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा इमारतीची सावली नावालाच. खरं तापवतं ते तीन ते सहाचं पश्चिमेचं ऊन. म्हणून गाडीच्या पश्चिमेला झाड किंवा भिंत येईल अशी जागा धरा. (झाडाखाली कावळ्यांचा प्रसाद मिळतो, तो पुसता येतो.)

पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा. ऊन काचेतून आत येतं, काळा डॅशबोर्ड तापतो आणि ती उष्णता काच सहज बाहेर सोडत नाही. सनशेडने निदान स्टिअरिंगला हात लावता येतो. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावू नका. 2012 पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे, पावती फाटेल.

परतल्यावर लगेच एसी लावून बसू नका. डावीकडची मागची काच खाली करा, ड्रायव्हरचा दरवाजा चार-पाच वेळा उघडझाप करा, कोंडलेली गरम हवा निघून जाते. मग काचा उघड्या ठेवूनच निघा, मिनिटभराने बंद करून एसी रीसर्क्युलेशनवर (बाहेरची हवा न घेता आतलीच फिरवणारं बटण) टाका.

लायटर, डिओ, पॉवरबँक गाडीत ठेवू नका. आणि लहान मूल तर ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणूनही नाही.