वाचक विचारतात : खाती पाच, मूल एक, आणि चकरा कोणी मारायच्या?

या वेळचे बहुतेक प्रश्न ठाणे-नवी मुंबईतून आलेत आणि विषय थोड्याफार फरकाने एकच आहे, सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यांचे निरोप पोचवायला आईबाप फिरतात. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकला. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी दिघ्याला राहतो, कंपनीत शिफ्ट ड्युटी आहे. मुलगी चार वर्षांची झाली तरी नीट बोलत नाही, हाक मारली की कधी बघते कधी नाही. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या डॉक्टरला दाखवा, दवाखान्यात गेलो तर म्हणाले इथे कानाची मशीन नाही मोठ्या हॉस्पिटलला जा, तिथे म्हणाले आधी दिव्यांगाचं कार्ड काढा, कार्डाला आधार लागतं आणि आधारवर अजून 'बेबी ऑफ' असंच आहे, ते बदलायला जन्मदाखला पाहिजे आणि जन्मदाखल्यावर नावच नाही. बालवाडीच्या मॅडम म्हणतात सर्टिफिकेट आणा मग बघू. प्रत्येक चक्कर म्हणजे एक खाडा. ही सगळी सरकारचीच माणसं ना, मग एकमेकांना फोन का करत नाहीत?

उत्तर : दादा, फोन करत नाहीत कारण सरकार एक असलं तरी साहेब वेगवेगळे आहेत. अंगणवाडी महिला व बाल विकासची, जवळचा दवाखाना महापालिकेचा, सिव्हिल हॉस्पिटल राज्याच्या आरोग्य विभागाचं, शाळा शिक्षण विभागाच्या हाताखाली, दिव्यांगांचं काम डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे (आधी सामाजिक न्यायकडे होतं), आणि आधार तर केंद्राचं. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, पोर्टल वेगळं, आढावा घेणारा वेगळा. आणि आढाव्यात विचारतात काय तर किती मुलं तपासली, पुढे पाठवलेलं मूल पुढच्या टेबलापर्यंत पोचलं का हे फार कमी जण विचारतात. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतं.

खरं तर ही जुळणी कागदावर पहिल्यापासून आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्यातल्या सहा सेवांपैकी तीन, म्हणजे लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, आरोग्य खात्याच्या मदतीनेच द्यायच्या असं ठरलेलं. म्हणजे अंगणवाडीतून "डॉक्टरला दाखवा" एवढं तोंडी सांगून भागत नाही, संदर्भ चिठ्ठी मिळायला पाहिजे. ती मागा, भांडू नका, सेविकेच्या डोक्यावर आधीच खूप आहे (खालचा एक प्रश्न वाचा म्हणजे कळेल). चिठ्ठीवर तारीख, सही, शिक्का असेल तर पुढचा माणूस तुम्हाला "असेच आलेले" समजत नाही.

दुसरं म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो देशासाठी सुरू झाला तो पालघरमध्ये, आणि तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं बरं का, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी धरलेली आहे, आणि ज्यांच्यात काही सापडेल त्यांच्यासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र. कान, डोळे, बोलणं, वाढ हे सगळं एका छताखाली बघण्यासाठीच ते केंद्र काढलंय. सेविकेला विचारा टीम पुढची कधी येतेय, लांब असेल तर थांबू नका, चिठ्ठी घेऊन थेट ठाण्याच्या सिव्हिलमध्ये डीईआयसी कुठे बसतं ते विचारत जा. ऐरोलीवरून ट्रान्सहार्बर लोकल आहेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कानाच्या तपासणीला दिव्यांग कार्ड लागत नाही. कार्ड तपासणीनंतर मिळतं, आधी नाही, तुम्हाला उलटं सांगितलंय. चार वर्षांच्या मुलीला कानाची तपासणी आज हवी, कारण ऐकू न येण्यावरच्या काही उपचारांना आणि त्यांच्या सरकारी मदतीला वयाची अट असते, कागद नंतर झाले तरी चालतील पण वय थांबत नाही. जिल्ह्यात तारीख लांबची मिळाली तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण हाच तिचा विषय, केंद्र सरकारची आहे, तिथेही दाखवता येतं.

कागदांचं एका बाजूने सुरू करा, आणि ती बाजू म्हणजे जन्मदाखला. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही, तेव्हा बाळंतपण ठाण्यात झालं असेल तर ठाणे महापालिकेत जावं लागेल, नवी मुंबईच्या वॉर्ड ऑफिसमध्ये कितीही बसलात तरी काही होणार नाही. नाव नंतर घालता येतं, १५ वर्षांपर्यंत मुभा असते, एक वर्ष उलटून गेलं असेल तर थोडी फी पडते. त्या दाखल्यावर आधार दुरुस्त करा, आणि मग यूडीआयडीचा, म्हणजे त्याच दिव्यांग कार्डाचा, ऑनलाइन अर्ज. नावाचं स्पेलिंग तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं ठेवा, नाहीतर हाच फेरा पुन्हा.

बालवाडीबद्दल, ती मान्यताप्राप्त किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेची असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा संस्थांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचाय, सर्टिफिकेट येईपर्यंत मूल घरी बसवा असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. अंगणवाडी तर चालूच ठेवा, चार पोरांत राहिली तर फायदाच आहे. नाही म्हणतात ना, मग नाही असं लेखी द्या म्हणायचं, लेखी मागितलं की बरीच दारं उघडतात.

प्रश्न : मी आजी आहे, नातवाकडून टाईप करून घेतेय. मुलगा आणि सून दोघंही गेले, दोन नातवंडं माझ्याकडे. आधी तुर्भ्याला होतो, ठाण्याच्या ऑफिसमध्ये बालसंगोपनचा, म्हणजे मुलांना महिन्याला मदत मिळते त्या योजनेचा, फॉर्म दिलेला. आता खारघरला मुलीजवळ भाड्याने आलोय तर ठाण्याचे म्हणतात तुम्ही आता आमच्याकडे येत नाही. पत्ता तर नवी मुंबईच आहे ना?

उत्तर : आजी, पत्त्यावर नवी मुंबई आहे पण जिल्हा बदलला. सिडकोने वसवलेली नवी मुंबई दोन जिल्ह्यांत पसरलीय. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात, आणि खारघर, कामोठे, कळंबोली हे २०१६ पासून पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात, मुख्यालय अलिबाग. मधे फक्त एक-दोन स्टेशनं, पण बाल कल्याण समिती (आधार नसलेल्या मुलांबद्दल आदेश देणारी) वेगळी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष (अशा मुलांच्या योजनांचं काम बघणारा) वेगळा, जिल्हाधिकारी वेगळे. त्यातून बेलापुरात ज्या इमारतीत राज्याच्या अंगणवाड्यांचं आयुक्तालय आहे तिचं नाव रायगड भवन आणि ती उभी आहे ठाणे जिल्ह्यात, तेव्हा लोकांचा गोंधळ होणारच.

पण जिल्हा बदलला म्हणून अर्ज शून्यावरून सुरू करायला लावणं मला पटत नाही. ठाण्याच्या कक्षाला साधा अर्ज द्या की आमची फाईल, गृहचौकशी झाली असेल तर तिच्या अहवालासकट, रायगडच्या कक्षाकडे वर्ग करावी, आणि त्याची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. पोच म्हणजे आवक शिक्का आणि नंबर, नुसतं "ठेवा इथे" म्हणाले तर ठेवून येऊ नका. तीच प्रत रायगडच्या कक्षाला द्यायची. नवीन भाडेकरार, रेशन कार्ड, दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलांचे बोनाफाईड आणि बँक पासबुक यांचे दोन-दोन सेट काढून ठेवा. बालसंगोपनाला बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, आणि कायद्याप्रमाणे समितीने महिन्यात किमान २० दिवस बसायचं असतं, तेव्हा "समिती कधी बसते माहीत नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून एका मुलामागे महिना ४,००० रुपये असतात, शहरात त्याला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६,००० आहे. तुम्ही कशात बसता ते कक्षाने सांगायचं, ते त्यांचं कामच आहे. शिवाय मुलांच्या अनाथ प्रमाणपत्राचंही तिथेच विचारा, शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, आज लहान आहेत पण पुढे उपयोगी पडेल.

दोन्ही जिल्ह्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. लोकांना वाटतं जिल्हाधिकारी म्हणजे जमीन आणि निवडणूक, पण बाल न्याय कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू आहे, आणि मुलांसाठी काम करणाऱ्या जिल्ह्यातल्या यंत्रणांवर देखरेख ठेवून त्यांचा मेळ घालायची जबाबदारी सरळ जिल्हाधिकाऱ्यांवर आली. कोविडमध्ये हे चालतं ते दिसलंही होतं. २०२१ च्या मे महिन्यात राज्याने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली कृती दल नेमलं, महापालिका, पोलिस, आरोग्य, महिला बालविकास, विधी सेवा सगळे एका टेबलावर, एकच यादी, आणि आईवडील दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावाने ५ लाखांच्या ठेवीचा निर्णयही झाला. तेव्हा जमलं कारण विचारणारा एकच माणूस होता. साथ ओसरली की सगळे पुन्हा आपापल्या केबिनमध्ये.

प्रश्न : मी घोडबंदर पट्ट्यात अंगणवाडी सेविका आहे. लोक आम्हाला बोलतात पण एकच बाळ पोषण ट्रॅकर ॲपवर आम्ही भरतो, आशा आणि सिस्टर आरोग्य खात्याच्या आरसीएच पोर्टलला भरतात, लस यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलवर, मोठं झालं की शाळा पुन्हा भरते. आता आहार द्यायला फेस स्कॅन पण आलाय, रेंज नसली की बाई बाळ घेऊन तासभर उभी. एकच नोंद का करत नाहीत?

उत्तर : करायला पाहिजे, आणि ते काम तुमचं नाही, वरच्यांचं आहे. तोपर्यंत एक उपाय, जो काही ठिकाणी आपणहून चालू आहे : लसीकरणाच्या दिवशी तुम्ही, आशा आणि सिस्टर आपापली रजिस्टरं शेजारी ठेवून पंधरा मिनिटं नावं जुळवा. अशा वेळी मजा दिसते, एकीकडे 'बेबी ऑफ सुनीता', दुसरीकडे 'आरोही', तिसरीकडे 'आरुही' आणि जन्मतारखेत दोन दिवसांचा फरक, आणि तीन मुलं वाटतात ती एकच असते. उलटंही होतं, एखादं मूल तिन्हीत सापडत नाही, आणि नेमकं तेच बांधकामाच्या साईटवरचं असतं. तुमच्या पट्ट्यात साईट संपली की कुटुंब उठून दुसरीकडे जातं, अशा वेळी ट्रॅकरवर लाभार्थी स्थलांतरित करायची सोय आहे, ती वापरा, नाव उडवू नका, म्हणजे पुढच्या सेविकेला वजन-उंचीची मागची नोंद मिळते. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित बाळ असं मधेच गायब होणं परवडणारं नाही.

प्रश्न : मी लोकप्रशासन शिकतेय. परदेशात मुलांसाठी सगळ्या खात्यांचं मिळून मंडळ वगैरे असतं, आपल्याकडे असं कधी झालंच नाही का?

उत्तर : झालंय. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, त्याचं कामच मुळी आरोग्य आणि महिला बालविकास या दोघांना एका दिशेला ओढायचं. मुलाच्या आयुष्यातल्या पहिल्या दोन वर्षांवर जोर दिला. २००५-०६ च्या पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत खुजेपणा (वयाच्या मानाने उंची कमी असणं) ३९ टक्के होता, २०१२ च्या पोषण सर्वेक्षणात तो २५ च्या खाली आला. श्रेय एकट्या मिशनचं नाही, उत्पन्न वाढलं, बायका शिकल्या, पण अभ्यासायला तुम्हाला परदेशापेक्षा हेच जवळचं आहे.

परदेशातलं एकच सांगते. लंडनमध्ये २००० साली व्हिक्टोरिया क्लिम्बी नावाची आठ वर्षांची मुलगी घरच्या छळाने गेली. चार स्थानिक प्रशासनांची समाजसेवा खाती, पोलिस आणि दोन हॉस्पिटलं यांच्या नजरेखालून ती गेली होती, प्रत्येकाकडे थोडी थोडी माहिती होती आणि कोणी ती एकत्र केली नाही. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला आणि २००४ च्या तिथल्या बाल कायद्यात सहकार्य करणं हे यंत्रणांचं कायदेशीर कर्तव्य झालं. आपल्याकडे अजून 'समन्वय साधावा' असं परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत असतं. कोणी साधावा, किती दिवसांत साधावा, नाही साधला तर काय, यावर प्रोजेक्ट कर, उपयोग होईल.

प्रश्न : ठाण्याच्या दिवा भागात आमच्या मजल्यावर एका घरात लहान मुलगी कामाला ठेवलीय, मारतात पण. पोलिस, महापालिका की अजून कोण?

उत्तर : १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. आत्ता लावा, चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि २०२३ पासून ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलेला आहे, त्यामुळे पोलिसांना वेगळं शोधायला नको. मुलीला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं ही त्यांची जबाबदारी, तुमची नाही. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगा. बिल्डिंगचं नाव, विंग, मजला नीट सांगा, दिव्यात एकाच नावाच्या दोन-दोन चाळी असतात.