होकाराआधी जुनी इतिवृत्तं मागा

प्रश्न : सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून मी निवृत्त झालो. पुण्याची एक अकाउंट अ‍ॅग्रिगेटर कंपनी (पब्लिक लिमिटेड; ग्राहकाच्या संमतीनं त्याच्या खात्यांची माहिती कर्जदात्याला पोचवणारी) मला स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेला संचालक, म्हणून बोलावते आहे. माझा जावई प्रवर्तकाचा वर्गमित्र. त्याची छोटी फर्म या कंपनीची सॉफ्टवेअरची कामं करते. सौ. म्हणतात, उद्या काही झालं तर घरावर जप्ती येईल. होकार देऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी वहिनींची भीती. कंपनी कायदा २०१३, कलम १४९(१२) प्रमाणे संचालक मंडळाच्या कामकाजातून तुमच्या कानावर आलेलं आणि तुमच्या संमतीनं किंवा संगनमतानं झालेलं गैरकृत्य तुम्हाला भोवतं. तुम्ही पुरेशी दक्षता घेतली नसेल तरीही भोवतं. म्हणजे गप्प बसून सुटका नाही. दक्षता घेतल्याचा पुरावा कुठे? इतिवृत्तात. आपल्याकडच्या किती सभांत चहा येईपर्यंत सगळे विषय ‘सर्वानुमते मंजूर’ झालेले असतात, हे मी कंपनी सचिव म्हणून रोज पाहते. तुमचा विरोध नावानिशी नोंदवून घ्या.

खरी अडचण जावईबापूंची. वर्गमैत्री कायद्याला चालते, पण जावई ‘नातेवाईक’ या व्याख्येत येतो. त्यांचे व्यवहार कंपनीच्या एकूण उलाढालीच्या २ टक्के किंवा जास्त असतील, तर तुम्ही स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही. फर्म सल्लागार म्हणून बिलं लावत असेल, तर तिच्या स्वतःच्या उलाढालीच्या १० टक्क्यांचाही निकष आहे. नवी कंपनी असली की २ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम नसते बरं! आकडे लेखी मागा.

आता कामाचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला खेळत्या भांडवलासाठी जीएसटी विवरणं आणि खात्याचा उतारा अशा कंपनीमार्फत कर्जदात्याला देतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कंपनीनं ती माहिती फक्त पोचवायची, साठवायची नाही. संमतीत हेतू आणि मुदत हवी, ती मागेही घेता यायला हवी. तुम्ही कर्जाच्या टेबलावर बसलेले आहात. तेव्हा थेट विचारा : कर्ज नाकारल्यावरही त्याचा उतारा किती दिवस खेचला जातो? गेल्या वर्षीच्या तक्रारी आणि मंडळाची इतिवृत्तं दाखवा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

मंडळाची इतिवृत्तं का, ते ब्रिटनकडे बघून कळेल. तिथे ९ मोठ्या बँकांना खुल्या बँकिंगसाठी (ग्राहकाच्या संमतीनं त्याची खात्याची माहिती इतर कंपन्यांना देण्यासाठी) एक संस्था उभारावी लागली. २०२१ मध्ये तिच्या कारभारावर स्वतंत्र चौकशीचा कडक अहवाल आला आणि प्रमुखाला पद सोडावं लागलं. तिथे पैसा आणि हुशारी दोन्ही होतं, तरी कारभार बिघडला.

बाकी किरकोळ : डिन (संचालकाचा ओळख क्रमांक), आयआयसीए या सरकारी संस्थेच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नोंद, एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांची मुदत. बैठक भत्ता मिळतो, पण सभेमागे १ लाखाच्या आत. स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) मात्र स्वतंत्र संचालकाला देताच येत नाहीत; कुणी कबूल करत असेल, तर ती बोलणी तिथेच थांबवा.