रोज विषय दिला तरी मूल लिहीत का नाही?

"रोज एक विषय देते मॅडम. चार दिवस लिहिते, मग वही उघडतच नाही बघा." बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक हे इतक्यांदा सांगतात, की आता सगळ्यांना एकदमच उत्तर देते. खालची मुलगी कुणी एक नाही, अशा बऱ्याच मुलांची मिळून ती झाली आहे.

वडगावची, सातवीतली. आईने दिलेले विषय: पाऊस, माझं स्वप्न, मी ढग झाले तर.

"यात कुठं अडलं?"

"पाऊस म्हणजे पाऊसच की. लिहून संपला."

वहीत पानोपानी लाल गोल. ऱ्हस्व-दीर्घाचे, विरामचिन्हांचे, घरात सर्रास बोलल्या जाणाऱ्या कन्नड शब्दांचेसुद्धा.

विषय कमी पडले म्हणून मूल अडतं, हे मला पटत नाही. विषय ऐसपैस असतो आणि वाचणाऱ्याच्या हातात लाल पेन असतं, म्हणून ते अडतं. ऐसपैस विषयावर निबंधाची पाठ वाक्यं येतात आणि चार दिवसांत आटतात.

मग विषय आवळला. एक जागा, एक वेळ, एक अट: आजोबांच्या घरी, जिथे कापडाचे माग चालतात, लाईट गेली, दिसतं ते लिहायचं नाही, ऐकू येतं तेवढंच. वेळ दहा मिनिटं. खाडाखोड नको, चुकलं तर एक रेघ मारून पुढे.

तिने लिहिलं: "लाईट गेली की चारी माग एकदम गप्प. मगच आजोबांचा खोकला ऐकू येतो. आजी म्हणते आता तरी बसा की."

आईचा हात पेनाकडे गेलाच. "अवतरणचिन्हं विसरली."

"आज एवढंच विचारा, पुढे काय झालं?"

तिने विचारलं. मुलीने वही परत ओढून घेतली. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती, पण थांबवलं कुणी नाही. डोळ्यांना दिसणारं बंद केलं की पाठ वाक्यं निकामी होतात आणि मुलाला स्वतःच्या घरात शिरावंच लागतं. ही अट माझ्याकडे क्वचितच फसली आहे.

घरी करायचं तर रोज दोन विषय द्या, त्यातला एक मुलाने निवडायचा. चार-पाच दिले तर वेळ निवडण्यातच जातो. 'हो-नाही'त उत्तर संपेल किंवा शेवटी बोध काढावा लागेल, असा विषय नको. 'चंद्रावर गेलात तर' दिलंत की कार्टून उतरतं. त्यापेक्षा बेळगावातल्या शनिवार खुटाच्या बाजारात आजीने भाजीचा भाव कसा पाडला ते लिहायला सांगा, फक्त आजी आणि भाजीवालीच्या बोलण्यातून. पाच दिवस नवे विषय, सहाव्या दिवशी जुन्यातला एक पुढे न्यायचा, सातव्या दिवशी सुट्टी. शुद्धलेखन त्या सहाव्या दिवशीच, मुलाने दाखवलेल्या एकाच पानाचं. अगदीच सुचलं नाही तर कालचं शेवटचं वाक्य उतरवून तिथून पुढे जायचं. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन लिहायला लावू नका. भरपाई सुरू झाली की तो गृहपाठ होतो आणि वही पुन्हा बंद पडते.